रिकाम्या खुर्चीला शून्य गुण

मॅडमनी वीस वर्षं टीव्हीसाठी स्वतंत्रपणे माहितीपट केले. कुठल्याच वाहिनीच्या पगारावर त्या नव्हत्या. नंतर अठरा वर्षं माध्यम विभागात संकलन शिकवलं. दर वर्षी अभ्यास एकच: त्यांनीच एका माहितीपटासाठी घेतलेली, काच फुंकणाऱ्या एका कारागिराची चाळीस मिनिटांची मुलाखत चार मिनिटांवर आणा.

त्या कारागिराची मुलगी सोमवारी सकाळी विभागात आली. वय पस्तिशीच्या आसपास. तो माहितीपट तिने पाहिला होता. त्यात वडील चाळीस सेकंद दिसतात आणि तेवढा वेळ निवेदकच बोलतो.

"मी आठ वर्षांची असताना बाबा गेले," ती म्हणाली. "फोटो आहेत. आवाज कुठेच नाही."

मूळ टेपला बुरशी लागली होती. संगणकावरची प्रत डिस्कसकट गेली होती. पण मॅडमनी विद्यार्थ्यांचं काहीच टाकलं नव्हतं, नापासांचंही. कपाटात चारशे बारा सीड्या होत्या.

"चारशे बारा बाबा!" विभागाचा तंत्रज्ञ म्हणाला. "ताई, ऐसपैस बसा."

पहिल्या सीडीत वडील बोलू लागले तशी ती खुर्चीच्या कडेला सरकली. दुसरीत तेच वडील मिश्कील होते, तिसरीत थकलेले. बाराव्या सीडीनंतर तिने हात वर केला.

"हे सगळं तुमच्याशी बोलणं झालं. त्या दिवशी मी आतल्या खोलीत पडले होते. बाबा उठून आले होते. ते आहे का?"

तेवढा भाग मॅडम पहिल्याच तासाला दाखवून कापायला सांगत.

त्यांनी गुणांच्या वह्या काढल्या. कोणाचे गुण कशासाठी गेले, हे त्या सेकंदासकट लिहून ठेवत. अकराव्या तुकडीत एक शेरा सापडला: 'पन्नास सेकंद रिकामी खुर्ची. माणूस चौकटीत नाही. शून्य.'

"अख्खा भोपळा दिलात की हो मॅडम," म्हणत तंत्रज्ञाने ती सीडी लावली.

पडद्यावर कारागीर भट्टीबद्दल सांगत होता. आत धप्प आवाज झाला. "ए ठमे!" तो उठला. खुर्ची उरली. आतून त्याचा आवाज आला, हळू: "कुठं लागलं? गुडघा होय? थांब." मग फुंकर. लांब, एकसारखी, काच फुगवताना लागते तशी. "गेलं बघ. हस आता."

हे चित्रण मॅडमचंच. शेकडो वेळा पाहिलेलं. ही फुंकर त्यांनी आज पहिल्यांदा ऐकली.

"मी हसले का?" मुलीने विचारलं. तिला आठवत नव्हतं.

मॅडमनाही माहीत नव्हतं. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. तिघंही रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. नापास झालेल्या त्या विद्यार्थ्याने तिथे एकदाही कात्री लावली नव्हती. एकेचाळिसाव्या सेकंदाला आत एक लहान मुलगी खुदकन हसली.

"पुढचे दोन दात नव्हते माझे," ती म्हणाली. "ऐकू येतंय, बघा."