वाचली गो ती

हमरापूरच्या कारखान्यात मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. एका सीझनला हजारभर मूर्तींचे डोळे उघडते, पण भुताचा पिक्चर लागला की स्वतःचे घट्ट मिटते. हर्षद, माझा नवरा, यावरून मला कायम चिडवायचा. मीही ऐकून घेणारी नव्हे. माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची.

त्याला नाद जुन्या बोलपटांचा. रोह्याच्या कंपनीला सुट्टी असली, की दुपारी दारं लावायची आणि मोबाईल तांब्याला टेकवायचा. नव्वद वर्षांपूर्वीचे, परदेशातले, कुणी नावही न ऐकलेले पिक्चर. "आताच्या भुतांना डीजे लागतो," म्हणायचा, "ही गपचूप येतात." खरंच, त्यात संगीत नसायचंच. नुसती खरखर. मध्येच दार करकरायचं आणि माझा पदर डोळ्यांवर जायचा. पुढचं तो सांगायचा. शेवटी माझा हात धरून म्हणायचा, "वाचली गो ती. उघड डोळे." मी उघडायचे, तर शेवटची पाटी लागलेली असायची.

गेल्या दिवाळीत त्याचा खोकला हटेना. पेणला तपासण्या झाल्या. रिपोर्ट इंग्रजीत होता. त्यानेच वाचला आणि म्हणाला, "काय नाय गो, जुना कफ हाय." मी विश्वास ठेवला. होळीला त्याला हॉस्पिटलात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता काही उपाय नाही. आणि हे तुमच्या मिस्टरांना चार महिन्यांपासून माहीत आहे.

माझं डोकं फिरलं. आत गेले, तर तो डोळे मिटून पडला होता. त्याने माझा हात चाचपला. "डाक्टर काय बोलला गो?"

"काय बोलनार? तू नाय वाचत. आनि तुला म्हायत व्हतं. मला फसवलंस तू."

त्याने माझा हात तेवढा सोडला. दोन दिवसांनी गेला.

महिने गेले तरी माझा राग जाईना. आपल्याला सांगितलं नाही, हाच घोष. मग परवा रविवारी, दुपारी, त्याचा मोबाईल तांब्याला टेकवला आणि आमचा शेवटचा पिक्चर लावला. पडक्या गिरणीत कोंडलेल्या बाईचा. पदर कमरेला खोचला आणि डोळे उघडे ठेवले.

ती वाचली नाही. गिरणीच्या दारातच पडली आणि कुणीतरी तिच्यावर कोट पांघरला. मी त्याच्या आधीचा लावला, दीपगृहातल्या पोरीचा. तीही मेली. तिसऱ्यातली विहिरीत गेली. एकीलाही कुणी वाचवलं नव्हतं. माझ्या शेजारी बसून, माझ्यापुरतं, त्यानेच सगळ्यांना वाचवलं होतं.

आणि त्याला एकदाच, आयुष्यात एकदाच, डोळे मिटून ऐकायचं होतं. त्याला काय माहीत नव्हतं म्हणून विचारलं होतं त्याने? जळलं मेलं माझं तोंड.

पाटी लागली, खरखर थांबली. त्याची उशी भिंतीला तशीच होती. मी तिच्यावर हात ठेवला.

"वाचलास रे तू," मी म्हटलं. "उघड डोळे."