तुलनेचा वर्ग

इजिप्तमधल्या दमनहूर गावी मुलींच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विसामने अध्यापनशास्त्राच्या एम.ए.साठी एकच गोष्ट सिद्ध करायला घेतली होती: फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी मुलींनीच प्रश्न विचारले, तर त्या जास्त शिकतात. एका वर्गाला तिने एक धडा या पद्धतीने शिकवला, तुलनेसाठी शेजारच्या वर्गाला तोच धडा नेहमीसारखा. मग दोन्ही वर्गांची एकच परीक्षा घेतली. तिचा वर्ग इतका पुढे गेला, की तिने पेपर पुन्हा तपासले. आनंदाने नव्हे, संशयाने. गावाची वाटणी ठरलेली होती. वर्ग हजेरीपुरता, शिकणं शिकवणीत. वर्गात बसून कोणी हुशार झाल्याचं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

संशय बाजारात फिटला. तिच्या वर्गातल्या रिताजची आई पालेभाजी निवडता निवडता म्हणाली, "काय मिस विसाम, राखली की नाही तुमची लाज?"

"कसली लाज?"

"अहो, पोरी घरी येऊन सांगायच्या, मिस काही शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारत बसतात! म्हटलं, बिचारीची डिग्री जायची आमच्या पोरींपायी. सगळ्या आयांनी मिळून शुक्री उस्तादांच्या शिकवणीला धाडल्या. तेवढाच धडा घोटून घेतला त्यांनी."

"आणि शेजारचा वर्ग?"

"त्यांच्यावर कुठे कुणाची डिग्री अडली होती?"

विसाम तडक मार्गदर्शक डॉक्टर मुख्तारांकडे गेली. प्रयोग बाटला म्हणाली, नवा वर्ग घेऊन पुन्हा करते.

"शिकवणीला न जाणारा वर्ग कुठून आणणार, मुली? स्वित्झर्लंडहून?" डॉक्टरांनी चष्मा पुसला. "असं मोजायला बसलो तर माझी पीएचडी परत द्यावी लागेल. मुलाखतीचं सभागृह ठरलंय. आईला सांग, बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंना बदक आवडतं."

प्रबंधाच्या जाहीर मुलाखतीच्या दिवशी बदक आलं, रव्याच्या गोड बसबूसाची ताटं आली, पहिल्या रांगेत सगळ्या आया आल्या. शुक्री उस्तादही नवा कोट घालून आले. आपल्या कामाच्या समारंभाला माणूस जातोच.

परीक्षक बाईंनी प्रबंध चाळत विचारलं, "वर्गाबाहेरच्या कशाचा परिणाम झाला असेल का?"

डॉक्टर मुख्तार खोकले. विसामने माइक घट्ट धरला.

"झाला. माझ्या मुली याच धड्याच्या शिकवणीला जात होत्या. माझ्या पद्धतीने काय साधलं, मला माहीत नाही."

आयांनी एकमेकींकडे पाहिलं. मग परीक्षक बाई खळखळून हसल्या.

"शिकवणी! अगं, माझी नात बालवाडीत आहे, तीसुद्धा जाते. शिकवणी काय बाहेरची गोष्ट झाली?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने शुक्री उस्ताद.

"पण मॅडम, हा आकडाच खोटा..."

"हा विनय बघा," बाई मुख्तारांना म्हणाल्या, "आजकालच्या संशोधकांत उरलाय का?" निकाल जाहीर झाला: सर्वोत्कृष्ट श्रेणी, आणि ही पद्धत जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत लागू करण्याची शिफारस. आयांनी आनंदाने लू-लू असा जिभेचा गजर करून सभागृह डोक्यावर घेतलं. रिताजच्या आईने तर विसामचे गाल चुंबून ओले केले.

विसाम माइक धरून तशीच उभी राहिली. तो कुणीतरी केव्हाच बंद केला होता.

शुक्री उस्ताद बसबूसाची बशी सावरत जवळ आले. "मुबारक, मिस! सगळ्या शाळांत म्हणजे..." त्यांनी घास गिळला. "मला आता मोठी जागा बघायला हवी."