खाचा ठेवू का नको?

या गावाला संकटांनी कधी उपाशी ठेवलं नाही. आधी वादळ आलं आणि घरांवरचे पत्रे उडवून घेऊन गेलं. गाव शहाणं झालं, पत्र्यांवर मोठाले दगड ठेवून बसलं. मग नदीला पूर आला, घराघरात छातीएवढं पाणी शिरलं आणि गाव आणखी शहाणं झालं. घरोघरी माळे घातले. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, शिलाई मशीन, जे जे जड आणि मोलाचं ते सगळं डोक्यावर नेऊन ठेवलं. पुढे कित्येक वर्षं पाणी फिरकलंच नाही. एका पहाटे जमीन हलली. भिंतींना तडे गेले, घरं मात्र उभी राहिली, आणि जपून वर ठेवलेलं तेवढं सगळं खाली आलं. आता बोला! माणसं मेली ती दगडांनी आणि ट्रंकांनी.

गावातले बहुतेक माळे एकट्या सुताराने घातलेले. त्याच्या स्वतःच्या घरातल्या माळ्याची एक फळीसुद्धा निसटली नाही, काम पक्कं होतं. फक्त ट्रंक घसरली. खाली त्याचा पहिलीतला मुलगा झोपला होता.

ट्रंक सासूबाईंची, म्हणजे सुताराच्या आईची. पुरात त्यांची धाकटी मुलगी वाहून गेली होती. तिचे कपडे चिखलातून काढून, धुऊन त्यांनी त्या ट्रंकेत भरले, वर जुनी तांब्याची भांडी ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, पुन्हा पाणी लागणार नाही अशा ठिकाणी ठेव. त्याने ठेवली. त्याचं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट.

सुताराची बायको मुलगा गेल्यापासून रडली नव्हती. गल्लीतल्या बायका येऊन तिच्यासमोर रडल्या, तिच्या गळ्यात पडल्या, पाणी पिऊन घरी गेल्या. हिने त्यांचे पेले विसळून पालथे घातले. "रडली नाही गं अजून, आत साचतंय," असं त्या बाहेर बोलायच्या. साचत बिचत काही नव्हतं. नळाला पाणी आलं की ती उठायची, चहा टाकायची, अंगणातली पत्र्याची शेड झाडायची, कारण तडे गेलेलं घर पाडलं होतं आणि तिघं आता शेडमध्ये राहत होती. सासूबाईंशी तिचं भांडण नव्हतं. "आई, चहा." "ठेव." एवढ्यावर दिवस निघत होते. ट्रंकेचं नाव कुणी काढलं नाही.

नवं घर मात्र वर चढत होतं. त्या दिवशी गवंडी परांचीवरून उडी मारून तिच्याकडे आला.

"वहिनी, भिंत इथवर आली. माळ्याच्या तुळयांना खाचा ठेवू का नको? तुमचे हे म्हणतात बायकोला विचार, तुम्ही म्हणता त्यांना विचारा. आता मी काय भिंतीला विचारू?" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. "नाही, म्हणजे पुढचे थर चढवले की फोडत बसावं लागेल, म्हणून म्हटलं."

सुतार बाजूला एका फळीला रंधा मारत होता. ती फळी आधीच गुळगुळीत झाली होती. "आईला माळ्याशिवाय झोप यायची नाही," तो मान वर न करता म्हणाला. "आणि तू... तू सांगशील तसं." बिचारा दोघींच्या कात्रीत सापडला होता. माळा घातला तर बायको त्या छपराखाली पाऊल ठेवेल का, याची त्याला खात्री नव्हती. तिची तिलाही नव्हती. भावाने माहेरी खोली रिकामी करून ठेवली होती.

ती शेडमध्ये गेली. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. कोपऱ्यात ती ट्रंक, एका बाजूने चेपलेली, गोणपाटाखाली.

"आई, गवंडी विचारतोय. माळा हवा का?"

"मला काय विचारतेस?" सासूबाई एकदम उसळल्या. "तू बोल ना! शिव्या घाल मला. माझ्या ट्रंकेने पोर मारलं तुझं. सगळा गाव म्हणतो नशीब. तू तरी नशीब म्हणू नकोस, एकदा तोंड उघड माझ्यावर!"

रिकाम्या डब्यात हात घालावा तसा तिने राग शोधला. हाताला काही लागलं नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "कशी होती हो ती?"

इतकी वर्षं या घरात काढली, पण हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"हिरवा फ्रॉक होता तिचा," सासूबाई लगेच म्हणाल्या. "गळ्याला लेस. एक निळा, त्याच्या खिशाला बटण..."

"कपडे नव्हे. ती. हसायची कशी, बोलायची कशी?"

सासूबाईंनी गोणपाटाखालच्या ट्रंकेकडे पाहिलं.

"आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात कपडे उन्हात घातले, घड्या मोडल्या, परत घातल्या. ट्रंक वर आहे म्हणजे ती आहे असं वाटायचं मला. ती कधी निसटली, कळलंच नाही."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सुनेला काहीतरी वाटलं, आणि ती नुसती भीती होती. तिने मुलाची हाक आठवून पाहिली. शब्द आठवले, आवाज येईना. ती तशीच अनवाणी बाहेर धावली.

"अहो, तो मला हाक कशी मारायचा? मारून दाखवा."

"अगं, काय हे..." सुताराने गवंड्याकडे पाहिलं.

"मारा म्हणते ना!"

त्याने रंधा खाली ठेवला. "आई, ए आई, बघ ना," तो जाड्या आवाजात म्हणाला.

"असं नाही. असं नव्हता म्हणत."

त्याने पुन्हा म्हटलं. ते आणखीच चुकलं. तिसऱ्यांदा त्याला जमेना. तेवढ्यात शेडमधून हाक आली.

"आईऽऽ, ए आयडेऽऽ, बघ की गं इकडे!"

आवाज म्हातारीचा, पण तोच लाडिक हेल, तेच शेवटी ओढणं. सुनेच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आले रे, आले."

आणि ती वाळूच्या ढिगावर बसली आणि मोठ्याने रडली. शेजारच्या बायका दारात आल्या. गवंड्याने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि तो उगाचच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाई शेडच्या दाराशी येऊन थांबल्या, पुढे येऊ की नको म्हणून.

"खाचा ठेवा, भाऊ," ती रडतच म्हणाली. "वर सामान नाही, माणसं झोपतील. आणि आईंना चढता येईल असा जिना करा."

"वहिनी, नीट विचार करून सांगा. घाई नाही."

"पाणी आलं तर यांना नेऊ कुठे मी?" ती म्हणाली. "त्याची हाक यांनाच येते."