दुसरीचा आवाज

त्या सकाळी बाने माझ्याकडे एक जुनी साडी मागितली.

"फाटकी असली तरी चालंल गो," तो म्हणाला. "गोणपाटं सरली. गल्लीकडची बाजू उघडी रवते."

मी कपाटातून हिरवी सुती साडी काढली. तिचे काठ विरले होते. बाने ती दोन्ही हातांत धरून ताणून बघितली, "हिच्यात अजून जीव हाय," असं म्हणत काखोटीला मारली आणि बाहेर पडला. मी डबे भरले, वह्यांचा गठ्ठा घेतला आणि शाळेत गेले. २००८ सालचा एप्रिल होता, सकाळची शाळा सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी बा गेला. नाहीतर ही साडीची गोष्ट माझ्या लक्षात राहण्याचं काही कारण नव्हतं.

माझा बा इमारती पाडायचा.

कापडे गावाच्या वर, डोंगराच्या माथ्यावर आमची सात घरांची वाडी आहे. आई अजून तिथेच म्हशींपाशी असते. बा विशीत मुंबईला गेला आणि उंचीवर उभं राहताना त्याचे पाय कापत नाहीत एवढ्याच गुणावर तिथे टिकला. कड्याच्या काठाने गुरं वळवलेला माणूस, त्याला चौदाव्या मजल्याचा कठडा रुंदच वाटत असणार.

ज्या गल्लीत यंत्र शिरत नाही, सुरुंग लावायची सोय नाही आणि दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट असते, तिथे त्याच्या टोळीला बोलावणं यायचं. आधी गच्चीवरची टाकी, मग गच्ची, मग वरून एकेक मजला. ज्या स्लॅबवर उभं राहायचं तोच फोडत मागे सरायचं. खालच्या मजल्यांना लाकडी टेकू द्यायचे, मोडतोड लिफ्टच्या नाहीतर जिन्याच्या पोकळीतून सोडायची, बाहेरून ओल्या गोणपाटांचा पडदा बांधायचा. शेजारच्या घरात कोणी दुपारचा आडवा झाला असेल तर त्याची झोप मोडता कामा नये, असं बा म्हणायचा. ते काही खरं नसणार. घणाचा आवाज तो घणाचाच. पण तो तसं म्हणायचा.

आणि हाक मारायची. काम सुरू करण्याआधी, काही खाली सोडण्याआधी, दर वेळी तीनदा: "कोण हाय का?" खाली कोणी असेल तर त्याने "हाय" म्हणायचं, पुढे गेल्यावर "गेलो" म्हणायचं, आणि तोवर घण खाली टेकवून ठेवायचा. ही पद्धत बाने स्वतः पाडलेली होती. एकदा एका रिकाम्या केलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर त्यांना ठमाबाई नावाची म्हातारी झाडूवाली झोपलेली सापडली. राहायला जागा नव्हती म्हणून ती तिथेच राहत होती. सोनबाने, म्हणजे बाच्या जोडीदाराने, वरच्या स्लॅबवर घण उचललेला होता. त्यानंतर बा हाक मारल्याशिवाय एक वीटसुद्धा काढत नसे.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण महाडला शिकायला आले तेव्हा वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'बांधकाम' असं लिहिलं. पुढे त्याच गावात शिक्षिका झाले तेव्हाही तेच. कोणी विचारलं तर, "मुंबईला असतात, बांधकामात आहेत," असं सांगायची. सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ ठेकेदार असा लावला. मी तो लागू दिला. त्यात मला तेव्हा मोठं काही वाटलं नाही. खोटं असं एकदाच बोलावं लागतं, पुढे नुसतं गप्प राहून भागतं.

मग बा महाडलाच आला. बाजारपेठेतली एक पाच मजली इमारत २००५च्या पुरात तळापासून भिजली होती. तिचे खांब फुगले, नगरपालिकेने नोटीस लावली, पण गल्ली इतकी चिंचोळी की पाडणार कशी हे कोणाला समजेना. कोणीतरी बाचं, नाथूचं, नाव सांगितलं. तो सोनबाला आणि आणखी चौघांना घेऊन आला. बाकीचे इमारतीच्या मागच्या शेडमध्ये राहिले, बा माझ्या खोलीवर. आठवड्याभरात अख्खी गल्ली त्याची हाक शिकली. भाजी घेऊन जाणाऱ्या बायका "हाय हो, मी आणि माझी पिशवी," म्हणायच्या. पडद्याआडून बा म्हणायचा, "पिशवीला आधी जाऊ द्या."

शाळेतून परत येताना मी तळ्याच्या बाजूने लांबचा रस्ता धरू लागले.

साडी दिली त्या दिवशी मात्र माधुरीबाई सोबत होत्या. आम्ही एकाच शाळेत दहा वर्षं शिकवत आलेल्या. त्यांना बाजारातून पापडाचं पीठ घ्यायचं होतं. मी नको म्हणाले असते तर का ते सांगावं लागलं असतं. तोवर चार मजले उतरले होते. दुकानांवरचा शेवटचा स्लॅब आणि त्यावरच्या कमरेएवढ्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. गोणपाटांच्या मध्ये माझी हिरवी साडी टाचलेली दिसत होती.

"अगं, अशीच साडी होती ना तुझी?" माधुरीबाई म्हणाल्या.

"अशा पुष्कळ असतात."

आम्ही खाली पोचलो आणि वरून आवाज आला, "कोण हाय का?"

माधुरीबाईंना गंमत वाटली. "उत्तर दे की. नाहीतर डोक्यात वीट पडायची."

मी तोंड उघडलं असतं तर बाने माझा आवाज लगेच ओळखला असता. पडदा बाजूला करून, धुळीने पांढऱ्या झालेल्या तोंडाने, "ज्योते, तू व्हय गो?" असं भर गल्लीत विचारलं असतं. मी पदर सावरला.

"कोण हाय का?"

"आहोत हो, दोघी आहोत," माधुरीबाईंनीच सांगितलं. "थांबवा जरा तुमचं बाँबिंग."

वर घण टेकवल्याचा आवाज झाला. आम्ही पुढे गेलो. "गेलो," असंही त्याच म्हणाल्या, हसत हसत.

संध्याकाळी बा अंघोळ करून दारात बसला होता. त्याच्या कानांमागे धूळ राहिलेली असायची, ती कधीच पूर्ण निघत नसे. मी भाकऱ्या उरकल्या होत्या. नेहमीसारखं पेपरात त्याच्या उपयोगाचं काय आहे ते वाचून दाखवत होते, कारण त्याला अक्षरं जुळवायला वेळ लागायचा. त्या दिवशी जपानातली बातमी होती. भर शहरातली वीस मजली इमारत तिथे खालून पाडत होते. खांब कापायचे, त्यांच्याखाली जॅक द्यायचे, तळमजला काढायचा आणि अख्खी इमारत हळूहळू खाली टेकवायची. मग पुढचा मजला. लोकांना रोज ती थोडी बुटकी झालेली दिसायची, एवढंच.

बाने दोनदा वाचायला लावलं.

"मंजे माणूस जमिनीवरच उभा रवतो?"

"हो."

"आन् घर त्याच्याकडं येतं." तो बराच वेळ हसत राहिला. "बरी हाय युक्ती. पडायची भीतीच नाय." मग म्हणाला, "सोनबाला सांगतो. तो म्हणंल, मग वरचं वारं कुठनं खायाचं."

जेवण झालं. हात धुताना म्हणाला, "आज दुपारी दोघीजणी गेल्या खालनं. दोघी म्हणाल्या, पण आवाज एकीचाच."

मी ताटं उचलत होते.

"एक बोलली म्हणून दुसरी गेली असं धरता येत नाय गो. दुसरीचा आवाज दुसरीनंच द्यायला लागतो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. सोनबाला एखादा टेकू नीट बसला नाही हे सांगावं तसं तो सांगत होता. त्याला माझी चाल ओळखू आली होती का, हे मला आजही माहीत नाही. मी तेव्हा विचारू शकले असते. चार शब्दांचं काम होतं. मी म्हणाले, "ताक घेतोस का अजून?"

"दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला शिपाई वर्गात आला.

घडलं ते असं. इमारतीच्या तळाला भांड्यांचं दुकान होतं. ते रिकामं केल्याचं मालकाने लिहून दिलं होतं, पण मागच्या खोलीत पितळेचा माल अजून होता. लग्नसराई होती. दुकानातला नोकर दीपक मागच्या दाराने आत गेला. खोलीच्या दाराला दोन टेकू आडवे येत होते, ते त्याने सरकवले. घागरी बाहेर काढून पुन्हा लावू, असा त्याचा विचार होता. तेवढ्यात वरून बाने हाक मारली. तीनदा. दीपक बोलला नाही. बाने घण घातला. एक घागर निसटून फरशीवर वाजली. बा तिथेच थांबला. सोनबा म्हणाला, "आरं, मांजर असंल." बा म्हणाला, "मांजर पितळ पाडत नाय," आणि जिन्याच्या पोकळीतून खाली वाकून बघायला पलीकडच्या बाजूला गेला. ती बाजू त्या दोन टेकूंवर उभी होती.

तीस वर्षं तो दीडशे-दोनशे फुटांवर उभा राहिला. पडला तो अकरा फुटांवरून. दीपक दाराच्या चौकटीत होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही.

आईने मला दुसरं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हशीचं दूध काढता काढता एवढंच म्हणाली, "हाक मारली व्हती ना त्यानं?" मी हो म्हणाले. "मंग," ती म्हणाली आणि पुन्हा दूध काढू लागली.

जून महिन्यात शाळा सुरू झाली त्या आठवड्यात दीपक मला भेटायला आला. चाळिशीचा माणूस, त्याची मुलगी माझ्याच वर्गात. मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात उभा राहिला, टोपी हातात धरून.

"बाई, पोलिसांना मी सगळं सांगितलंय. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. मला हाक ऐकू आली होती."

"किती?"

"तिन्ही." तो खाली बघत होता. "हो म्हणालो असतो तर काम थांबलं असतं. सगळ्यांसमोर बाहेर यावं लागलं असतं, आत कसा शिरलास म्हणून विचारलं असतं. म्हटलं, दोन मिनिटं गप्प राहतो."

तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता. मी त्याला काहीही बोलले असते तरी त्याने ऐकून घेतलं असतं, त्यासाठीच तो आला होता. आजूबाजूच्या शिक्षकांनाही तेच अपेक्षित असावं. सगळ्यांसमोर बाहेर यावं लागलं असतं. हे कारण मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मुलीचं गणित कच्चं आहे," मी म्हणाले. "तिला शनिवारी थांबवून घेईन."

त्याला ते कळलं नाही. तो नमस्कार करून गेला.

पावसाळाभर ती अर्धी पडलेली इमारत तशीच होती. नगरपालिकेने भोवती पत्रे लावले. माझी साडी पावसात आधी काळी पडली, मग तिच्या चिंध्या झाल्या. दिवाळीनंतर सोनबा परत आला. दुसऱ्या कोणाला उरलेला स्लॅब काढू द्यायला तो तयार नव्हता. "नाथूचं काम हाय, मीच सारतो," म्हणाला. माझ्याकडे आला, चहा प्यायला, बाचा घण मागितला. तो मी पलंगाखाली ठेवला होता. मी काढून दिला.

शेवटच्या दिवशी दुपारी मी माधुरीबाईंना म्हणाले, "बाजारातून जाऊ या का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली. बा गेल्यापासून तो कोण होता हे त्यांना आणि सगळ्या शाळेला कळलंच होतं. गल्लीतल्या त्या दुपारबद्दल मात्र आमच्यात कधी शब्द निघाला नव्हता.

गल्लीत गर्दी होती. ताजी गोणपाटं बांधलेली होती, त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं. आम्ही खाली आलो आणि पडद्याआडून सोनबाचा आवाज आला. हाक मारायची ढब बाचीच होती, शेवटचा 'का' जरासा लांबवलेला.

"कोण हाय का?"

माधुरीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आहे. एक मी आहे." आणि थांबल्या.

वर घण टेकवला. भाजीवाली बाई वळून बघू लागली. भांड्यांचं दुकान आता समोरच्या बाजूला गेलं होतं, त्याच्या पायरीवर दीपक उभा होता.

"कोण हाय का?"

मी मान वर केली आणि पडद्याकडे तोंड करून, वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो तेवढ्या आवाजात म्हणाले,

"हाय. दुसरी मी हाय, बा. त्या दिवशीपण मीच व्हते."