सुहबतच्या दातांची खूण

माणूस वाटेला लागतो आणि रोटी घरी राहते, अशी रीत होती. निघताना उंबऱ्यावर त्याच्यापुढे तंदुरातली ताजी, जाड रोटी धरायची. त्यानं दातांनी एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. ज्यानं चावली त्यानंच परत येऊन ती मोडायची. तोवर घरातल्या कुणी तिला हात लावायचा नाही, मग बुरशी लागो नाहीतर दगड होवो.

सुहबत शहरात परीक्षेला निघाला तेव्हा आईनं अशीच रोटी धरली. त्यानं मुद्दाम जबडा फाडून घास घेतला.

"अका, निम्मी संपवलीस की!" धाकटी बहीण मोहबेगिम ओरडली.

"म्हणजे आल्यावर शिळं कमी खावं लागेल," तो भरल्या तोंडानं म्हणाला.

लहानपणी तुतीच्या झाडावरून पडून त्याचा पुढचा एक दात तुटला होता. त्यामुळे चाव्याच्या मधोमध बारीकसा उंचवटा राहिला.

त्याची बस पुलावर अडवली गेली. बंदूकवाल्यांनी एकेकाला विचारलं, "बापाचं गाव कुठलं?" डोंगरातलं गाव सांगणाऱ्यांना खाली उतरवलं, सुहबतलाही. बस पुढे गेली. मारलं असं कुणी म्हणालं नाही, सोडलं असंही कुणी म्हणालं नाही.

डोंगरातलं गाव! मोहबेगिमनं ते डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. आजोबांना बिऱ्हाडासकट ट्रकमध्ये कोंबून सरकारनं या मैदानात आणलं, ते कापूस पिकवायला. तेव्हा कुणी परकं म्हटलं नाही. बोंडं वेचून वेचून घरातल्या सगळ्यांची बोटं फाटली, तेव्हाही नाही. आता देशात यादवी पेटल्यावर मात्र जो तो गावं विचारत फिरत होता. आणि बंदूकवाल्यांना त्यांचं दार दाखवलं कुणी, तर शेजारच्या होलमतनं! त्याच्याच लेकराला ताप आला की मोहबेगिमची आई त्याला मांडीवर घेऊन बसायची.

घर पेटलं. मागच्या दारानं पळता पळता आई पुन्हा आत शिरली आणि बाहेर आली ती रोटी घेऊन.

"आई, गोधड्या तरी घ्यायच्यास!"

"गोधड्या पुन्हा शिवता येतात," आई म्हणाली.

मग एक ट्रक, मग दुसऱ्या कुणाचा ट्रक, मग पाय. ज्या गावावरून एवढं रामायण झालं, ते गाव वाटेतच लागलं. तिथल्या लोकांनी मूठभर सुकी तुती हातावर ठेवली आणि म्हणाले, "इथं थांबू नका, बंदूकवाले वर येताहेत." पुढे बर्फ. आईचे पाय सुजून बुटांतून निघेनात. रोटी तिच्या झग्याच्या आत, पोटाशी बांधलेली. वाळून दगड झालेल्या रोटीला कसला आलाय वास, पण भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी आली की मोहबेगिमला तो यायचा.

"तुला फारच होत असेल तर..." आई एकदा म्हणाली.

"गप बस!" मोहबेगिम ओरडली. आईशी ती जन्मात असं बोलली नव्हती.

शेजारच्या देशाच्या, किर्गिझ हद्दीवर नाका होता. फाटकापलीकडे तंबूंमधून धूर निघत होता. आदल्या दिवशी म्हणे कुणाच्या तरी रोटीत सोन्याच्या बांगड्या सापडल्या होत्या, म्हणून हुकूम निघाला होता, प्रत्येक रोटी मोडून दाखवायची. लोक मुकाट्यानं मोडत होते.

आईनं झग्यातून रोटी बाहेर काढली. "मोड," अधिकारी म्हणाला.

"ही मोडायची नाही. माझ्या भावाची आहे," मोहबेगिम म्हणाली.

"मग भावाला बोलाव."

मोहबेगिमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यालाच तर बोलावतोय, ह्या रोटीनं! तुम्ही फौजेत निघालात तेव्हा तुमच्या आईनं नव्हती टांगली?"

शेजारच्या शिपायानं मान खाली घातली. अधिकाऱ्याचा चेहरा तसाच राहिला.

"अगं पोरी, मोड की!" मागून एक बाई ओरडली. "लेकरं गारठली आमची. का आतलं सोनं सुटत नाही?"

अधिकाऱ्यानं रोटी आईच्या हातातून ओढली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. आत काय असणार? पीठ आणि मीठ. तुकडे चिखलात पडले.

"चला पुढे."

मोहबेगिम हलली नाही. "उचला."

"काय?"

"रोटी जमिनीवर पडलीय. तुमच्याकडे तुडवतात का? मी परकी आहे, भिकारी आहे, मला हाकला. पण ती रोटी आहे! भाऊ उतरवून घेतला, घर जाळलं, गाव विचारून विचारून जीव खाल्ला. आणि आता आमचं वाट बघणंसुद्धा तुम्ही मोडून बघणार, आत सोनं आहे का म्हणून?"

मागची ढकलाढकली थांबली. मघाची बाई लेकराला कडेवर सावरत पुढे आली, पण फाटकाकडे गेली नाही. मोहबेगिमच्या शेजारी उभी राहिली. फाटक सताड उघडं होतं आणि त्या तुकड्यांवरून पाय टाकायला कुणी तयार होईना.

शिपाई वाकू लागला.

"तुम्ही नाही," मोहबेगिम म्हणाली. "ह्यांनी."

अधिकाऱ्यानं रांगेकडे पाहिलं. मग हातमोजे काढले. वाकून एकेक तुकडा उचलला आणि घरची सवय म्हणून कपाळाला टेकवून टेबलावर ठेवला. आपण काय केलं हे ध्यानात आल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. माफी मात्र त्यानं मागितली नाही, आणि मागितली असती तरी तिनं ती दिली नसती.

तंबूत आईनं ओढणी पसरून तुकडे जुळवले. चाव्याची कडा एका तुकड्यावर अख्खी होती, मधल्या उंचवट्यासकट.

"बघ," आई म्हणाली, "मेल्यानं दुसऱ्या बाजूनं मोडली. दात शाबूत आहेत. हे मोडणं धरायचं नाही."

रीत अशी नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. मोहबेगिमनं सुई मागून आणली आणि तुकडे ओढणीत शिवून टाकले, चाव्याची कडा तेवढी बाहेर ठेवली. तंबूला ना भिंत, ना खिळा. तिनं ते गाठोडं मधल्या खांबाला बांधलं. गाठ अशी करकचून मारली की बोटं पांढरी पडली.

"ये आता," ती खांबाकडे बघत चिडून म्हणाली. "शिळीच खावी लागेल, पण ये."