एकमेकांकडे बोट दाखवणारी दोन तिकिटं

सकाळी फळा रिकामा होता. फळा म्हणजे ट्रॅकरचा पडद्यावरचा तक्ता. सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली प्रत्येक चूक तिकीट होऊन त्यावर लागते, कुणाच्या तरी नावावर पडते आणि मिटली की उतरते. दुपारी ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाई सॉफ्टवेअर ताब्यात घ्यायला येणार होत्या. भाची टीमप्रमुख झाल्यावरचं हे तिचं पहिलंच काम. "आधीच्या मंडळींचं पहिल्याच दिवशी कोलमडलं. तुमचं तसं झालं तर तुम्हालाही नमस्कार," असं बाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

मी तिथं सगळ्यांचाच मामा. जन्म पुस्तकं देण्याघेण्यात गेला, म्हणून भाचीनं मला चुका शोधायला बसवलेलं.

"फळा साफ!" टीममधला लंबू म्हणाला. "मामा, आता तरी हसा."

हसलो. पण माझं तिकीट कसं मिटलं ते पाहावंसं वाटलं. मी लिहिलं होतं की, एखाद्या पुस्तकासाठी वाचक थांबलेला असला तरी परत आलेलं पुस्तक त्याच्यासाठी बाजूला न राहता सरळ कपाटात जातं. तिकीट लंबूकडे होतं. त्यानं ते 'डुप्लिकेट' म्हणून काढलं होतं. हेच भाचीच्या तिकिटात आहे, असा शेरा. भाचीचं उघडलं. ते गुरुजीकडे, म्हणजे लंबूच्या समोर बसून सगळ्यांना सगळं समजावणाऱ्या पोराकडे. त्यानंही ते डुप्लिकेट म्हणून काढलेलं. हेच मामांच्या तिकिटात आहे, असा शेरा.

दुरुस्त झालेलं तिकीट ज्यानं उघडलं त्यानंच बंद करायचं, हा भाचीचा नियम. डुप्लिकेट मात्र कुणीही काढू शकत होतं.

माझंच वाचण्यात चुकत असणार, असं सवयीनं वाटलं. म्हणून पडद्यावर एक खोटा वाचक पुस्तकासाठी थांबवला आणि पुस्तक परत घेऊन पाहिलं. गेलं कपाटात. मग भाचीला खुणेनं बोलावलं. तिनं दोन्ही शेरे वाचले.

"लंबू, हे दुरुस्त कुणी केलं?"

"गुरुजीनं."

"मी? तुझ्याकडे होतं ना?"

"वा! दोन घरचा पाहुणा उपाशी," भाची म्हणाली. "मामाचं तिकीट पुन्हा उघडतेय. गुरुजी, दुरुस्ती तू लिही. लंबू, तू शेजारी खुर्ची घे आणि त्याच्या चुका काढ. तेवढं तुला आवडतंच."

दोघं दिवसभर भांडले असते, पण वेळ नव्हता. बाई येऊन काचेच्या खोलीत बसल्या तेव्हा दुरुस्ती तयार होती.

"मामा, करा बंद," गुरुजी म्हणाला.

सगळे माझ्या पाठीशी उभे. मी एक वाचक थांबवला. पुस्तक बरोबर त्याच्यासाठी राहिलं. मग दोन थांबवले. पुस्तक नंतर आलेल्याला मिळालं.

"अजून नाही," मी म्हणालो.

"ऐन वेळी दोन वाचक कुठून आणलेत?" लंबू कळवळला.

"चांगल्या पुस्तकाला असतातच रे."

"बाई आत बसल्यात. एवढ्या एका गोष्टीसाठी..." गुरुजी पुटपुटला.

भाची माझ्याकडे वळली. "मामा, खात्री आहे तुझी?"

या प्रश्नाला मी आजवर कधी सरळ उत्तर दिलेलं नव्हतं. "आहे," मी म्हणालो.

तिनं लॅपटॉप उचलला आणि खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"बाई, एक चूक उरलीय. आधी ती दाखवते. ती मिटेपर्यंत ताबा देणार नाही."

बाईंनी वाकून पाहिलं. रांग मोडून घुसणाऱ्याकडे पाहावं तसं त्या पडद्याकडे पाहू लागल्या.

"आधीचे म्हणायचे, काही नाही, बिनघोर चालवा. मग काउंटरवर शिव्या आम्ही खायचो." त्या थांबल्या. "कधी देता?"

"उद्या संध्याकाळी."

"उद्या म्हणजे उद्या. नमस्काराचं तेव्हा बघू." त्या उठल्या. "आणि आज आलेच आहे, तर मीही थोडं मोडून बघते. चालेल?"

"चालेल काय, हवंच आहे," म्हणत भाचीनं माझ्या शेजारी खुर्ची ओढली. लंबूनं कपाळावर हात मारला. बाई ऐसपैस बसल्या आणि मला म्हणाल्या, "सरका जरा. नवं तिकीट कुठून उघडायचं?"