बोटभर वर येणारी देवी

गावात टँकर आला की पहिला तांब्या देवीला जायचा. लेकरांना नाही, जनावरांना नाही, आधी देवीला. आष्टी तालुक्यातल्या त्या गावात मी हे डोळ्यांनी पाहिलं. दोनशे माणसं भर उन्हात रांगेत, प्रत्येकाच्या हातात तांब्या, आणि पुढं खड्ड्यात वीतभर दगडी देवी. ती रोज बोटभर जमिनीतून वर येत होती. खरंच येत होती, मी स्वतः शेजारी काडी रोवून मोजलं होतं.

"आई तहानेली हाय," पुजारी आसाराम ओरडायचा. "तुमी तिला पाजा, ती वर यील. ती वर आली की पाऊस खाली यील." जणू देवी आणि पाऊस एकाच रहाटाला बांधलेत. पाऊस नाही आला तर, असं एकानं विचारलं. तर म्हणे तू पाणी मनापासून घातलं नसशील. घ्या आता, काय बोलणार?

देवी निघाली होती सुभद्राबाईच्या शेतात. गायरानातली तीन एकर, रस्त्याला लागून. बौद्धवस्तीतल्या या बाईच्या सासऱ्यानं दगड वेचून ती वहितीला आणली. कागद मात्र अजून कचेरीत अडकलेला. त्या तीन एकरांना आता सगळे 'आईची जागा' म्हणू लागले, आणि गावच्या शेतकरी सोसायटीचे चेअरमन आप्पाराव यांनी, हात जोडून बरं का, अमावस्येपर्यंत जागा मोकळी करायला सांगितलं. देवीपुढं आपलं काय चालतंय, म्हणाले.

मी कृषी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला होते, उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी त्याच सोसायटीत आलेली. जेवायला सुभद्राबाईकडे असायचे. भाकरी वाढता वाढता एकदा ती म्हणाली, "पोरी, देव खोटा म्हणून मी बोलले तर मला मारतील. तू बोलशील का?" माझी छाती नव्हती, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी आसारामानं मलाही तीर्थ दिलं. देवीच्या पायाशी साचलेलं पाणी लालसर झालं होतं. आईचं कुंकू पाझरतंय, असं तो सांगत होता. लोक कपाळाला लावून घोट घेत होते. गावात चार दिवस उलट्या चालू होत्या, पण ते उन्हाचं म्हणून सगळे गप्प. पाणी माझ्या तळहातावर पडलं आणि मी ते तसंच खाली सोडलं. हा रंग मी ओळखत होते.

पंधरवड्यापूर्वी सोसायटीच्या गोदामात मी बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. आप्पारावांचं घरचं दोन पोती सोयाबीन, त्याला बुरशीनाशकाची लाल पूड चोळली. हातमोजे फाटके होते, तळहात दोन दिवस लाल राहिले. खरं तर आधी उगवण तपासायची, मग औषध लावायचं. मी शहाणीनं उलटं केलं. नंतर ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवले तर नऊच उगवले. मी आप्पारावांना बजावलं की हे पेरू नका, खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका, विष आहे; खड्डा करून पुरून टाका. माझा तेवढा शब्द त्यांनी अगदी पाळला.

हे ओरडून सांगायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. तेवढ्यात रांगेत गडबड झाली. आप्पारावांची म्हातारी आई केसरबाई, महिनाभर कडा गावी लेकीकडे होती, ती एस.टी.तून उतरून थेट देवीला आली होती. आसारामानं मोठ्या मानानं तिच्या ओंजळीत तीर्थ ओतलं. तिनं डोळे मिटून ओंजळ ओठांकडे नेली.

आप्पाराव धावत आले आणि त्यांनी तिच्या हातावर फटका मारला.

"आये, पिऊ नको!"

सगळी रांग त्यांच्याकडे बघत राहिली. आता माझा आवाज फुटला. "का हो आप्पाराव? गावानं प्यायचं आणि तुमच्या आईनं नाही?"

तिला शुगर आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. केसरबाईनं ओले हात लुगड्याला पुसले आणि लेकाला विचारलं, "आप्पा, काय हाय रं त्यात?" त्यांनी मान खाली घातली.

सुभद्राबाई कुणाची वाट न बघता खोरं घेऊन खड्ड्यात उतरली. देवी तिनं नीट उचलून बाजूला ठेवली. खाली पत्रा, पत्र्याखाली पोती, आणि पोत्यांत फुगून टरारलेलं, कुजक्या वासाचं लाल सोयाबीन. मी दाणे उचलून रांगेला दाखवले. मेलेलं बी उगवत नाही, पण पाणी पितं आणि फुगतं. खाली खडक, बाजूला कडक मुरूम, मग फुगायला वाट उरली वरचीच. देवी वर आली ती आपल्याच तांब्यांनी, असं मी सांगितलं तेव्हा बायका रिकाम्या तांब्यांकडे बघत उभ्या होत्या.

आसाराम तोवर मोटारसायकलवरून पसार झाला होता. जमीन सुभद्राबाईकडे राहिली. पाच जणांना आष्टीला सलाईन लावलं, त्यातले चार परत आले. पाचवा आश्रुबा, शेळ्या राखणारा म्हातारा. उलट्यांनी त्याच्या अंगातलं पाणीच संपलं होतं. पाऊस लवकर यावा म्हणून तो रोज दोन ओंजळी प्यायचा. ती पूड माझ्या हातांनी चोळलेली होती, हे मी त्याच्या बायकोला सांगितलं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. चमत्कार दिसला की वाकण्याआधी दोन गोष्टी विचारा. जमीन कुणाची आहे, आणि तीर्थ पाजणाऱ्याची आई ते पिते का.